नापास वाक्यं

डिस्कवालीचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "बिघडलंय हे लक्षात आल्यावर तुम्ही काय केलंत?" आणि समोरच्याचं उत्तरही ठरलेलं असे. "काही नाही."

बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचं हरवलेलं परत काढायच्या या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर "काही नाही"चा अर्थ तिला पाठ झाला होता. काही नाही म्हणजे दहादा बंद-चालू केलं, शेजारच्याला दाखवलं, दोन चापट्या मारल्या, मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून स्क्रू काढले. एका महाभागाने तर डिस्क फ्रीजमध्ये ठेवली होती, भाजीच्या कप्प्यात. कशाचाच उपयोग होत नाही असं दिसलं की मग ही मंडळी तिचा जिना चढायची आणि गरीब चेहऱ्याने "काही नाही" म्हणायची. डिस्कवालीचा संताप व्हायचा. पण संतापून डिस्क बोलती होत नाही, म्हणून ती दात आवळून पुढचा प्रश्न विचारायची.

तिची जागा चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. एक लांबट खोली, भिंतीला लागून तीन टेबलं, खिडकीशी एक मोडकी खुर्ची जी गिऱ्हाइकांना दिली जायची, कारण त्या खुर्चीवर कुणी फार वेळ बसत नसे. खालून दिवसभर कुणी ना कुणी अक्षरं वाचत असायचं. मोठी अक्षरं धडाधड, मग लहान होत जातील तसा आवाज चाचरायचा. त्या आवाजाची तिला इतकी सवय झाली होती की रविवारी खोली ओकीबोकी वाटायची.

त्या दिवशी मायलेकी आल्या. लेकीच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप, तान्ह्या मुलाला धरावा तसा. आईने मोडकी खुर्ची पटकावली. बोलायचं काम लेकीने केलं, तेही एका दमात, जणू मध्ये थांबली असती तर पुढचं सांगता आलं नसतं.

तिच्या बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. ऑपरेशनच्या आधी एका लॅबने त्यांना वाक्यांची यादी दिली होती. ती वाक्यं घरीच लॅपटॉपसमोर बसून वाचायची आणि रेकॉर्ड करायची. मग लॅबवाले त्यावरून आवाज तयार करून देणार, आणि बाबा टॅबवर टाइप करतील ते टॅब त्यांच्याच आवाजात बोलून दाखवणार. बाबांनी घसा दुखत असताना, थुंकीतून रक्त पडत असताना सगळी यादी संपवली. ते हॉस्पिटलमध्ये असताना लेकीने त्यांचा लॅपटॉप साफ केला. फार हळू चालायचा, बाबा वैतागायचे, म्हणून घरी येतील तेव्हा नवाकोरा मिळावा असं तिच्या मनात होतं. तिने सगळं पुसून नवी सिस्टिम टाकली. वाक्यं लॅबला पोचली आहेत अशी तिची पक्की समजूत होती. लॅबला गेली होती ती नुसती नमुन्याची पाच-सहा.

"मी बाबांचा आवाज पुसला," लेक म्हणाली. "एकदा डॉक्टरांनी काढला, एकदा मी."

डिस्कवालीला रडणारी गिऱ्हाइकं नवी नव्हती. पण ही रडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

"नवी सिस्टिम टाकली म्हणून सगळं जात नाही," ती जरा नरमाईने म्हणाली. "असं समजा, पुस्तकाची अनुक्रमणिका तुम्ही फाडलीत. पानं आत तशीच आहेत, फक्त कुठे काय ते कळत नाही. ते शोधायचं माझं काम. जुन्या पानांवर कुणी नवं काही लिहिलं असेल तर मात्र खालचं गेलं, ते कुणालाच परत आणता येत नाही. पुसल्यानंतर तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," लेक म्हणाली. "कळल्याबरोबर बंदच करून ठेवला."

डिस्कवालीने आईकडे पाहिलं. आई पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

"बाबा करतात काय?"

"आता निवृत्त आहेत. ड्रायव्हिंग स्कूल होतं त्यांचं. पाण्याच्या टाकीजवळ."

"मास्तर?" डिस्कवालीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

कॉलेजात असताना ती मास्तरांकडेच गाडी शिकली होती. म्हणजे अर्धं गाव त्यांच्याकडे शिकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या गावाने त्यांचा आवाज रस्त्यातून जाताना ऐकला होता. "क्लच हळू सोड, तो काय विंचू आहे का?" "आरसा तोंड बघायला नाही लावलेला!" त्यांच्या बाजूलाही ब्रेकचं एक पेडल होतं, पण ते दाबल्याचं तिला आठवत नव्हतं. मास्तर ओरडले की गाडी आपोआप थांबायची.

आणि मास्तरांची एक पद्धत होती. गाडी बंद पडली, फुटपाथवर चढली, कुणाच्या कुंपणाला घासली, की ते आधी हँडब्रेक ओढायचे, मग अगदी शांतपणे नाही, चांगलं खेकसूनच विचारायचे, "गाडी कोण चालवत होतं?" तिथे सायकलवाला मध्ये आला, सूर्य डोळ्यावर होता, असलं काही चालत नसे. "मी, मास्तर," एवढंच म्हणायचं. ते म्हटलं की विषय संपला. मास्तर गिअरच्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "मग आता पहिला टाक, आणि चल." त्या चुकीबद्दल पुन्हा अवाक्षर निघत नसे, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

"लॅपटॉप ठेवून जा," डिस्कवाली म्हणाली.

मूळ डिस्कवर ती कधी काम करत नसे. आधी तिची हुबेहूब नक्कल काढायची, मग मूळ डिस्क कपाटात आणि जी काय चिरफाड करायची ती नकलेवर. नक्कल निघायला वेळ लागला. डिस्क जुनी होती, मध्ये मध्ये अडखळत होती, पण चालत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्कवालीने जेवणाचा डबा बाजूला सारला आणि आत डोकावली.

आधी चांगली बातमी दिसली. नवी सिस्टिम डिस्कच्या सुरुवातीला बसली होती आणि तिने फारशी जागा खाल्ली नव्हती. लेकीने जे केलं त्यात मास्तरांच्या एकाही वाक्याला धक्का लागला नव्हता. हे तिने नीट पडताळून पाहिलं, दोनदा, कारण ही गोष्ट तिला कुणाला तरी ठासून सांगायची होती.

मग पुढे फोटो लागले. लग्नातले फोटो. स्टेजवर उभे असलेले नवरानवरी, नटलेले पाहुणे, जेवणाच्या रांगा, पुन्हा स्टेज. नवरी म्हणजे कालची लेक, जरा बारीक. असतील, घरचाच लॅपटॉप आहे. पण थोडं पुढे गेल्यावर तेच फोटो पुन्हा लागले. तीच रांग, तोच हात वर केलेला वाढपी. लग्न एकदा झालेलं आणि फोटो दोनदा. डिस्कवालीने तारखा काढल्या आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

कुणीतरी, सगळं पुसल्यानंतर, फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम याच लॅपटॉपवर उतरवला होता. त्याला सापडेल ते सगळं परत आणायला सांगितलं होतं. आणि सापडलेलं सगळं ठेवलं कुठे, तर याच डिस्कवर, 'वाचवलेले' नावाच्या फोल्डरमध्ये. प्रोग्रॅम बिचारा सांगितल्याप्रमाणे फोटो उचलत होता आणि रिकामी दिसेल त्या जागेवर मांडत होता. ती जागा रिकामी नव्हती. अनुक्रमणिका फाटलेली असल्यामुळे ती फक्त रिकामी दिसत होती. मग काहीतरी चुकतंय असं वाटून त्या माणसाने 'वाचवलेले' फोल्डरही पुसून टाकला होता आणि हात झटकून उठला होता.

मास्तरांची वाक्यं रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम न चुकता वाचलेली, म्हणजे पास झालेली वाक्यं एकाच मोठ्या फाइलमध्ये एकापाठोपाठ जोडत गेला होता. ती फाइल आता डोक्याकडून थोडी आणि शेपटाकडून थोडी शिल्लक होती. मधल्या सगळ्या भागावर वाढपी हात वर करून उभा होता. सासऱ्याच्या आवाजावर जावयाच्या लग्नाचे फोटो बसले होते.

डिस्कवालीने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावून टाकलं. लॅबला तासाभराचा तरी आवाज हवा असं लेकीने सांगितलं होतं. हातात जेमतेम दहा मिनिटं होती.

तिने लेकीला फोन लावला. तो आईने उचलला. लेक अंघोळीला गेली होती.

"काकू, पुसल्यानंतर त्या लॅपटॉपवर कोण बसलं होतं?"

"मी येते," काकू म्हणाल्या.

त्या आल्या आणि पुन्हा मोडक्या खुर्चीतच बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. रविवार होता. लेक औषधं आणायला बाहेर गेली होती. जावईबापू म्हणाले, आई, काळजी करू नका, आमच्या ऑफिसात असली कामं सगळे माझ्याकडेच आणतात. त्यांनी लॅपटॉप काढला. फोटो यायला लागले तसे ते खुशीत आले, हे बघा आई, हे बघा. मग फोटोच येत राहिले. आवाज काही येईना. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, आई, हिला सांगू नका, उगाच आशा लागेल.

"मनाने फार चांगले आहेत हो," काकू म्हणाल्या. "ह्यांना अंघोळ तेच घालतात. पोटच्या मुलानेही इतकं केलं नसतं. आता अशा माणसाला काय बोलायचं? जावयाला बोलायचं कसं?"

"आणि मास्तर? ते कुठे होते?"

काकूंनी पर्सची चेन लावली. "तिथेच. शेजारच्या खुर्चीत."

त्यांना कळलं होतं. म्हणजे डिस्कचं त्यांना काय कळणार, पण समोरचा माणूस चुकीच्या दिशेला गाडी घालतोय एवढं त्यांना आयुष्यभर कळत आलं होतं. त्यांनी टेबलावर हात आपटला. जावयाला वाटलं, त्यांना पाणी हवंय. मास्तरांनी बोलण्याऐवजी लिहायला ठेवलेली पाटी ओढून 'थांब' लिहिलं, तोवर जावई स्क्रीनकडे वळला होता. काकू म्हणाल्या, "ह्यांचा उजवा पाय नुसता फरशीवर दाबला जात होता. सारखा. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या."

डिस्कवाली खिडकीबाहेर बघत राहिली. खाली कुणीतरी तिसरी ओळ वाचताना अडकलं होतं.

"नंतर त्यांनी पाटीवर जावयाचं लिहायला घेतलं," काकू म्हणाल्या, "मी हात धरला. म्हटलं, पोरीचा संसार आहे. कशाला त्यात खडा टाकता? त्यांनी पुसलं. मग नुसतं 'तुझी चूक नाही' लिहून तिला दाखवतात. रोज दाखवतात. तिला वाटतं, समजूत काढतायत."

"काकू, तुमची पोर स्वतःला खातेय."

"दिसतंय मला. आई आहे मी तिची."

"मी होऊन सांगणार नाही," डिस्कवाली म्हणाली. "पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आधी आवाज सापडतो का बघू दे."

काकू गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत ती कधी पडत नसे. लोकांच्या डिस्कमध्ये काय काय दिसतं हे ती बोलायला लागली असती तर गावात निम्मी लग्नं मोडली असती. पण इथे तिच्या डोळ्यांसमोर सारखा तो फरशीवर दाबलेला पाय येत होता.

वाचलेली दहा मिनिटं तिने ऐकली. "आज हवा आल्हाददायक आहे." "कृपया मला खिडकीजवळची जागा द्यावी." मास्तरांचा आवाज होता, पण शाळेच्या तपासणीला साहेब आल्यावर मुलं वाचतात तसा. सरळ, गुळगुळीत, भ्यायलेला. तिने इअरफोन काढला आणि पुन्हा घातला. हे मास्तर नव्हेत, असं तिला उगाच वाटत राहिलं.

मग तिने डिस्कच्या मागच्या भागात शोधायला घेतलं. जिथे फोटो पोचले नव्हते तिथे आवाजाचे बारके बारके तुकडे विखुरलेले होते. बिननावाचे, ढिगाने. एक उघडला.

"आज हवा आल्हा... आल्हाद... अरे, कोण बोलतं असं? हवा बरी आहे म्हणा ना! आल्हाददायक म्हणे. पुन्हा."

दुसरा. "कृपया मला खिडकीजवळची... अगं, भांडी नंतर आपट! इथे माणूस मरतमरत वाचतोय. गाडी कोण चालवत होतं? मी. बरं. पुन्हा."

डिस्कवाली एकटीच मोठ्याने हसली. मग तिने डोळे पुसले, आणि तिसरा उघडला.

ही नापास वाक्यं होती. पास झालेलं वाक्य प्रोग्रॅम मोठ्या फाइलमध्ये जोडायचा. चुकलं, खोकला आला, कुणी मध्ये बोललं, की तो तुकडा सुटाच टाकून द्यायचा. टाकून दिलेलं म्हणजे पुसलेलं, पण पुसलेलं म्हणजे गेलेलं नव्हे, यावर तर तिचं पोट होतं. आणि मास्तर पहिल्या फटक्यात क्वचितच पास झाले होते. आयुष्यभर ज्यांनी पोरांना नापास केलं त्यांनी स्वतःला एकेका वाक्याला चार-चार वेळा नापास केलं होतं. आणि चुकले की दर वेळी, न चुकता, स्वतःलाच विचारत होते, "गाडी कोण चालवत होतं?" आणि स्वतःच उत्तर देत होते, "मी." कधी वैतागून, कधी दमून, एकदा तर हसत. ते झालं की बहुतेक वेळा पुढे, "मग आता पहिला टाक, आणि चल."

सगळं मिळून तासाच्या बरंच वर भरलं.

तिने लॅबला फोन केला. लॅबमधला माणूस आधी नाही म्हणाला. यादीतलीच वाक्यं लागतात, शांत आवाजात, एका पट्टीत. मग तिने एक तुकडा फोनवर ऐकवला. "चालेल," तो म्हणाला. "आवाज स्वच्छ आहे. फक्त प्रत्येक तुकड्यात काय म्हटलंय ते कुणीतरी शब्दन् शब्द टाइप करून द्यावं लागेल. आणि एक सांगून ठेवतो, यातून जो आवाज तयार होईल तो असाच असेल. म्हणजे, जरा चिडलेला."

"तसाच होता," डिस्कवाली म्हणाली.

टाइप करायला लेक आली. मोडकी खुर्ची हलवून डिस्कवालीने तिला आपली खुर्ची दिली. लेक कानाला लावून ऐकायची आणि टाइप करायची. "अरे", "छे", "हॅट", एकूण एक. पहिल्या दिवशी तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी एकदा हसली. एका तुकड्यात बाबा तिलाच ओरडले होते, "तू दारात उभी राहून ऐकू नकोस, मला कानकोंडं होतं," तो तिने पुन्हा पुन्हा लावला.

"माझ्यामुळे किती गेलं?" तिने मध्येच विचारलं. "खरं सांगा. फॉरमॅट केलं त्यात किती गेलं?"

"काही नाही," डिस्कवाली म्हणाली. "तुम्ही केलंत त्यात एक अक्षरही गेलं नाही."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. ती नजर डिस्कवालीने ओळखली. "काही नाही" ऐकल्यावर ती स्वतः गिऱ्हाइकांकडे तशीच बघायची.

"बाबाही असंच लिहितात," लेक म्हणाली आणि पुढचा तुकडा लावला.

डिस्कवालीच्या ओठांवर सगळं आलं होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जावई बायकोला न्यायला आला होता. उंच, जरा वाकून चालणारा माणूस, हातात बायकोसाठी गरम दुधाची बाटली. टेबलावरच्या डिस्ककडे त्याची नजर गेली आणि लगेच तिथून उडाली. "काही मदत लागली तर सांगा," तो सवयीने म्हणाला, आणि मग त्याचे कान लाल झाले. डिस्कवालीने त्याच्यावर चिडायचं ठरवून ठेवलं होतं. तो बायकोच्या खांद्यावर शाल घालत असलेला बघून तिला धड चिडताही येईना.

आवाज तयार होऊन आला तेव्हा काकूंनी तिला घरी बोलावलं. मूळ डिस्कही परत द्यायची होती, म्हणून ती गेली. बाहेरच्या खोलीत मास्तर खिडकीशी बसले होते. वाळलेले, गळ्याला पांढरा रुमाल. त्यांनी डिस्कवालीकडे पाहून डोळे बारीक केले, स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले आणि एक हात असा आपटला की तिला ताबडतोब आठवलं, कुठल्या कुंपणाला तिने गाडी घासली होती. मास्तर काही विसरलेले नव्हते.

टॅब त्यांच्या मांडीवर होता. लेक पायाशी जमिनीवर बसली, जावई दाराजवळ उभा राहिला. मास्तरांनी एका बोटाने टाइप केलं आणि बटण दाबलं.

"काय बघत बसलात सगळे? चहा टाका."

आवाज घरभर खणखणला. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या, तिथेच चौकटीला धरून खाली बसल्या. "हेच," त्या म्हणत राहिल्या, "अस्सेच खेकसायचे हो, अस्सेच." त्यांना हसू आवरेना आणि रडूही.

मास्तरांनी पुन्हा बोट फिरवलं. या वेळी त्यांना वेळ लागला नाही.

"गाडी कोण चालवत होतं?"

हे वाक्य यंत्राने इतकं हुबेहूब म्हटलं की डिस्कवालीच्या तोंडून "मी, मास्तर" निघता निघता राहिलं. यंत्राला ते येणारच होतं. इतकं त्याला दुसरं कुठलंच वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं.

लेकीने मान खाली घातली. तीही गाडी बाबांकडेच शिकली होती. "मी, बाबा," ती म्हणाली. "मीच पुसलं."

मास्तरांनी जोरात मान हलवली. टॅब उचलला, दाराकडे वळवला आणि पुन्हा बटण दाबलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

"अहो, राहू दे ना," काकू पुटपुटल्या. मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पाटी असती तर काकूंनी ती एव्हाना पुसली असती. आता पुसण्यासारखं काही नव्हतं. लेकीने वर पाहिलं, आधी बाबांकडे, मग टॅब जिकडे वळला होता तिकडे. जावयाने एक हात भिंतीला टेकला. डिस्कवालीला वाटलं, आता हा सायकलवाल्याचं, उन्हाचं काहीतरी सांगेल.

"मी," जावई म्हणाला. "तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. मी तो प्रोग्रॅम लावला. मला वाटलं, परत आणीन. तुझ्या हातून काही गेलं नव्हतं. मी... बाबा टेबलावर हात आपटत होते आणि मी त्यांना पाणी दिलं." त्याने भिंतीवरचा हात काढला. "मी चालवत होतो."

लेक नवऱ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग यायला लागला होता, खरा राग, कितीतरी दिवसांनी तो स्वतःवरचा नव्हता. मास्तरांनी तो येऊ दिला. मग त्यांनी टाइप करायला घेतलं. एक अक्षर चुकलं, ते खोडून त्यांनी पुन्हा लिहिलं आणि जावयाकडे बघत बटण दाबलं.

"मग आता पहिला टाक," मास्तर खेकसले, "आणि चल."